जनुकातला फसवा पूर्णविराम

थायरॉईडची गोळी घेणारी एखादी खाला किंवा चाची आपल्या बहुतेक घरांत असते. आयोडीनबद्दल आपण ऐकलेले असते. पण थायरॉईडच्या हार्मोनला कार्यक्षम रूप देणाऱ्या एन्झाइमांत सेलेनियम असते, हे आपल्याला क्वचितच कोणी सांगते.

हे मूलद्रव्य आपल्याला अगदी कणभर लागते; प्रौढाला दिवसाला सुमारे ५५ मायक्रोग्रॅम. तेवढेही मिळाले नाही तर काय होते, हे चीनच्या केशान भागाने भोगले. तिथल्या मातीत सेलेनियम फार कमी. हृदयाचे स्नायू निकामी होऊन लहान मुले आणि तरुण बायका दगावत. सेलेनियमच्या गोळ्या देऊ लागल्यावर हे प्रमाण खूप घटले.

मग शरीरातली कोणकोणती प्रथिने सेलेनियम वापरतात? जनुकांची यादी संगणक बनवतो, आणि इथेच तो फसत होता. जनुकाची अक्षरे तीन-तीनच्या गटाने वाचली जातात. त्यात ‘यूजीए’ आले की प्रथिन संपले, असा नियम. सेलेनियमच्या प्रथिनांत मात्र याच ‘यूजीए’चा अर्थ होतो सेलेनोसिस्टीन, म्हणजे एकविसावे अमिनो आम्ल. संगणक त्याला पूर्णविराम समजून थांबे आणि जनुक अर्धेच नोंदवले जाई.

पेशी बरी फसत नाही? तिला खूण असते. अशा जनुकाच्या आरएनएचा शेवटचा भाग केसांच्या पिनेसारखा दुमडतो. त्याला ‘सेसिस’ म्हणतात. यातली बरीचशी अक्षरे बदलतात, घडी तीच राहते. म्हणून व्हादिम ग्लादिशेव्ह, रॉदेरिक गिगो आणि सहकाऱ्यांनी संगणकाला अक्षरांबरोबर घडीही शोधायला लावली. तीन अब्ज अक्षरांत अशा खोट्या घड्याही पुष्कळ सापडतात. तेव्हा माणूस आणि उंदीर यांची जनुके शेजारी ठेवली: ‘यूजीए’नंतरही साम्य चालूच असेल, तर तो पूर्णविराम नव्हे. आम्हाला ही युक्ती सर्वांत आवडली. २००३ साली त्यांनी माणसातली अशी २५ जनुके जाहीर केली. काही तोवर अज्ञात होती.

यातल्या ‘सेलेनोप्रोटीन एन’च्या जनुकात दोष असला तर मुलांचे स्नायू दुबळे राहतात, पाठीचा कणा ताठरतो. काही रुग्णांत हा दोष प्रथिनाच्या मजकुरात नसतोच. तो त्या शेवटच्या घडीत असतो.