नरडाण्याच्या सपाटीवर सहावा गिअर

धुळ्याहून इंदूरकडे निघालं की सोनगीरचा टोलनाका मागे पडतो, नरडाणा येतं आणि तिथून तापीच्या पुलाकडे चौपदरी रस्ता फारसा चढ-उतार न दाखवता धावतो. लळिंगचा घाट मागे राहिलेला असतो, पळासनेरपुढचा बिजासन घाट अजून यायचा असतो. मोठ्या डिझेल गाडीतला गिअरबॉक्स किती डिझेल वाचवतो आणि कुठे वाचवत नाही, हे पाहायला खानदेशात याहून सोयीचा रस्ता नाही.

लग्नाच्या मांडवाबाहेर फॉर्च्युनर आणि स्कॉर्पिओ रांगेत उभ्या असतात, तेव्हा एक प्रश्न हमखास निघतो: ‘ॲव्हरेज काय देते?’ एकाच मॉडेलचे दोन मालक, एक सांगतो दहा, दुसरा चौदा. बहुधा दोघंही खरं बोलत असतात.

आधी गरज किती ते पाहू. दोन-सव्वादोन टनांची, उंच आणि चौकोनी गाडी सपाटीवर ताशी ८० किलोमीटरने न्यायला ढोबळ हिशेबाने अठराएक अश्वशक्ती लागते. शंभरला ती २९ होते आणि १२० ला ४५. आता इंजिनाकडे बघा. २००२ साली नाशिकच्या कारखान्यातून निघालेल्या पहिल्या स्कॉर्पिओत १०९ अश्वशक्ती होती, आजच्या २.८ लिटरच्या फॉर्च्युनरमध्ये दोनशेच्या वर आहे. म्हणजे नरडाण्याच्या सपाटीवर बहुतेक ताकद बसूनच असते. पण इंजिनाचं स्वतःचं घर्षण काही बसत नाही. पिस्टन, बेअरिंग, ऑइल पंप, डिझेलचा उच्च दाबाचा पंप, सगळे प्रत्येक फेऱ्याला आपला वाटा घेतातच. एसटीच्या पाच फेऱ्या अर्ध्या रिकाम्या नेण्यापेक्षा तीन भरून नेलेल्या बऱ्या, तसाच हा हिशेब: तेवढंच काम कमी फेऱ्यांत, प्रत्येक फेऱ्यावर जास्त भार टाकून करून घ्यायचं. डिझेल इंजिन आपल्या सर्वांत सोयीच्या जागी एका किलोवॉट-तासाला २०० ते २१० ग्रॅम डिझेल घेतं. हलक्या भाराने जोरात फिरवलं तर तोच आकडा २७०-३०० वर जातो.

फेरे ठरवतात तीन गोष्टी: टॉप गिअरचं गुणोत्तर, मागच्या हाऊसिंगमधली क्राऊन-पिनियन आणि टायरचा घेर. उदाहरणादाखल घेर २.४ मीटर धरू. ताशी शंभरला चाक मिनिटाला साधारण ६९५ वेळा फिरतं. क्राऊन-पिनियन ३.९ ची असेल, तर गिअर एकास एक असताना इंजिन २,७०० फेरे घेतं. वरचा गिअर ०.८५ चा असेल तर २,३००, आणि ०.७ चा असेल तर १,९००. माझ्या अंदाजाने २,३०० वरून १,९०० वर येण्यात पाच ते आठ टक्के डिझेल वाचतं. जुन्या पाच गिअरच्या गाड्यांना हा शेवटचा लांब गिअर देणं अवघड होतं. तो दिला की खालच्या गिअरांमध्ये मोठी दरी पडायची आणि भरलेली गाडी ओढायची नाही. सहावा गिअर आला तेव्हा ती अडचण सुटली. पुण्याच्या सफारीला तो १९९८ मध्ये नव्हता. २०१५ च्या अखेरीस आलेल्या स्टॉर्म व्हॅरिकॉर ४०० ला मिळाला. फॉर्च्युनरला २०१६ च्या नव्या पिढीत.

मग ॲव्हरेज का वाढलेलं दिसत नाही? कारण गाडी शांत झाली की पाय जड होतो. शंभरऐवजी १२० ने गेलं, तर दर किलोमीटरला हवेचा आणि टायरचा मिळून विरोध तीस टक्क्यांच्या जवळपास वाढतो. सहाव्या गिअरने कमावलेलं सगळं तिथे जातं, वर पदरचंही. कंपनी जाहीर करते तो आकडा रोलरवरच्या ठरीव चाचणीचा असतो आणि त्या चाचणीत वेग ९० च्या पुढे जात नाही, हे शोरूममध्ये कुणी आवर्जून सांगत नाही.

ऑटोमॅटिकबद्दल थोडक्यात. जुन्या चार गिअरच्या ऑटोमॅटिकला लोक डिझेलखाऊ म्हणायचे ते खोटं नव्हतं. टॉर्क कन्व्हर्टर घसरत राहायचा आणि वरचा गिअर आखूड असायचा. आताच्या सहा गिअरच्या पेटीत लॉक-अप क्लच लवकर धरतो, त्यामुळे महामार्गावर फरक थोडाच उरतो. शहरातल्या गर्दीत मात्र तो जाणवतोच.

घाटात सगळं उलटतं. शंभर मीटरला सहा मीटर चढ, गाडीत सात माणसं आणि सामान, वेग ६०. सहाव्यात इंजिन जेमतेम १,१५० फेऱ्यांवर येतं आणि त्याच्याकडून तीनशे न्यूटन-मीटरच्या आसपास टॉर्क मागितला जातो. एवढ्या खाली टर्बो पुरता जागा झालेला नसतो. इंजिन धडधडतं, चालक पाय दाबत जातो, जादा डिझेल पडतं पण ते नीट जळत नाही. वर ड्युअल मास फ्लायव्हीलला हादरे बसतात, आणि त्याचं बिल वाचलेल्या डिझेलपेक्षा कितीतरी मोठं असतं. त्याच चढावर चौथ्यात इंजिन १,६०० च्या वर राहतं, टॉर्क दोनशेच्या जवळपास पुरतो. तेव्हा चढावर खालचा गिअर म्हणजे उधळपट्टी नव्हे.

उतारावर न्यूट्रल करून गाडी सोडायची सवय मात्र मला खरोखर चीड आणते. कार्ब्युरेटरच्या जमान्यात त्यातून चार थेंब वाचत असतील. आजच्या कॉमन रेल डिझेलमध्ये गाडी गिअरमध्ये असताना पाय उचलला की इंजेक्टर डिझेल सोडणंच बंद करतात. न्यूट्रलमध्ये उलट इंजिन चालू ठेवण्यापुरतं डिझेल जळत राहतं आणि सगळा भार ब्रेकवर येतो. ४ जुलै २०२३ ला पळासनेरजवळ ब्रेक निकामी झालेला मालट्रक वाहनांना धडकत हॉटेलात घुसला, किमान दहा माणसं गेली. ते वाहन वेगळं आणि तिथे नेमकं काय झालं तो तपासाचा विषय. पण त्या रस्त्यावर ब्रेकला विसावा देणं किती गरजेचं आहे, ते तेवढ्यावरून कळावं.

राहिला टायर. २३५/७० च्या जागी २६५/७० बसवणारे हौशी पुष्कळ. सोळा इंची रिमवर त्याने घेर साडेपाच टक्क्यांहून जास्त वाढतो. म्हणजे सगळेच गिअर तेवढे लांब होतात, टॉपमध्ये फेरे कमी पडतात. पण टायर जड आणि रुंद, त्यामुळे फायदा बहुतेक तिथेच मुरतो; पिकअप जातो तो वेगळाच. त्यात ओडोमीटरला ही अदलाबदल ठाऊक नसते, ते किलोमीटर कमी मोजतं आणि मालक म्हणतो, ॲव्हरेज फारच पडलं. सोनगीर ते शिरपूर कडेच्या किलोमीटरच्या दगडांशी मीटर ताडून पाहावं. दगडांनी २० दाखवले आणि मीटरने १९, तर टाकी फुल टू फुल करून आलेल्या आकड्याला २० ने गुणून १९ ने भागायचं, आणि मगच टायरवाल्याशी भांडायला जायचं.