आजी म्हणेल तिथून यू-टर्न

रील बघून ऑफरोडिंगचं खूळ डोक्यात शिरलंय, आणि तेही आई-बाबा-आजीला घेऊन? मग लोणावळ्याहून राजमाचीच्या पायथ्याच्या उधेवाडीला जाणारा कच्चा रस्ता बघा. साधारण १५ किलोमीटर. दगड, चढ-उतार, सगळं थोडं थोडं. पावसाळ्यात मात्र नको हं, तेव्हा नुसता चिखल आणि ओढे. डिसेंबर-जानेवारीत, उंच गाडी असेल तर, नवशिक्यांना झेपतो.

आम्ही गेलो तेव्हा स्टिअरिंग बाबांकडे, मॅप माझ्याकडे आणि देवाचं नाव आजीकडे. मामाची गाडी मागे होती, कारण एकट्या गाडीने जायचंच नसतं. पहिल्याच उतारावर बाबांनी सवयीने क्लच दाबला आणि गाडी सुसाट! (घरात यावर अजून बोलायची बंदी आहे.) तर उतारावर पहिला गिअर टाका आणि क्लचवरून पाय काढा, इंजिनच गाडी धरून ठेवतं. टायरमधली हवा थोडी कमी केली की पकड वाढते, पण डांबरीवर येताच ती परत भरावी लागते. म्हणून छोटा पंप सोबत हवाच. पाणी दिसलं तर आधी उतरून खोली बघा. इंजिनात पाणी शिरल्याचा खर्च साध्या इन्शुरन्समध्ये बहुतेक वेळा मिळत नाही.

आणि निघण्याआधीच ठरवा, 'परत फिरूया' म्हणायचा हक्क सगळ्यांना. आमच्यात तो आजीने वापरला, उधेवाडी तीन किलोमीटरवर असताना. बाबा दहा मिनिटं गप्प. मग झाडाखाली थालीपीठ-दही निघालं.

पुढच्या महिन्यात पुन्हा जातोय. आजी म्हणते, या वेळी पुढच्या सीटवर मी.