हात चालत नसता हिशेब लिहावा कसा?

आपल्या पेढ्यांवरील जमाखर्च वहीतून संगणकावर येऊन बरीच वर्षे झाली. परंतु पक्षाघाताने वा अपघाताने ज्याचे हात निकामी झाले, त्याची बुद्धी शाबूत असूनही आपण त्यास गादीवरून उठवून घरी बसवितो. यात त्याचे दुःख आहे आणि पेढीचे नुकसानही आहे.

अमेरिकेतील बॉस्टन कॉलेजचे जेम्स गिप्स व मार्ग्रिट बेट्के यांनी ‘कॅमेरा माऊस’ ही प्रणाली सिद्ध केली. २००७ पासून ती विनामूल्य मिळू लागली. तिला साधा वेबकॅमेरा पुरतो. नाकाच्या टोकासारखा चेहऱ्यावरील एक बिंदू निवडावयाचा. मान हलली की तो बिंदू कोठे सरकला हे प्रणाली पाहते व पडद्यावरील बाण त्याप्रमाणे हलविते. बाण क्षणभर स्थिर ठेवला की कळ दाबल्याचे काम होते. पडद्यावरील कळफलकाने अक्षरे व आकडेही लिहिता येतात.

ज्यास मानही हलविता येत नाही, त्याच्यासाठी नजर टिपणारी यंत्रे आहेत. ती डोळ्यावर अदृश्य अवरक्त प्रकाश टाकून, बाहुली व डोळ्यावरील चकाकी यांच्या परस्पर स्थानावरून नजरेचा रोख ठरवितात. २०२४ पासून ॲपलच्या काही फोनांत पुढच्या कॅमेऱ्यानेच ही सोय झाली आहे.

अर्थात सवय होण्यास वेळ लागतो, मान थकते आणि चेहऱ्यावर पुरेसा उजेड असावा लागतो. म्हणून आधी विनामूल्य साधन वापरून पाहावे, मगच खर्चाचा विचार करावा. मात्र अशा जाणत्या माणसास त्याचा हिशेब परत द्यावा, अशी सभासद कुटुंबांस आमची विनंती आहे.