टीव्ही बिघडलाय की नुसता रुसलाय?

मे महिन्याची सुट्टी लागली की घरोघरी एक तक्रार हमखास ऐकू येते, 'आई, टीव्ही खराब झालाय!' गंमत म्हणजे त्याच टीव्हीवर मालिका व्यवस्थित दिसते, बातम्याही दिसतात. पण मुलांनी व्हिडिओ गेम लावला की चित्र कडेने कापलं जातं, काळवंडतं, नाहीतर मध्येच 'नो सिग्नल' येतं. आमच्या नेऱ्यात बचत गटाच्या बैठकीतसुद्धा हप्त्यांचा हिशेब झाला की हा विषय निघतो. निघणारच! टीव्ही हप्त्यावर घेतलेला, गेमचं मशीन मामाने हौसेने दिलेलं, आणि कुणीतरी येऊन सांगून जातं, 'वहिनी, पॅनल गेलंय.'

पॅनल म्हणजे टीव्हीचा पडदा. स्वस्तातल्या टीव्हीचा पडदा बदलायचा खर्च बरेचदा नव्या टीव्हीच्या जवळपास जातो. शिवाय पनवेल जवळ असलं तरी ४३ इंची टीव्ही रिक्षात धरून न्यायचा म्हणजे जीव मुठीत. एका वाक्यात महिन्याचं गणित कोलमडतं.

पण मैत्रिणींनो, फक्त गेम खेळतानाच दिसणारा दोष हा पुष्कळदा बिघाड नसतोच. टीव्ही आणि गेमचं मशीन यांचं आपसात जमलेलं नसतं, एवढंच. ते जमवायला रिमोट पुरतो. मिक्सर बंद पडला तर आपण आधी भांडं नीट बसलंय का बघतो, खालचं लाल बटण दाबतो आणि मगच दुकान गाठतो ना? तसंच इथे करायचं. 'त्यातलं मला काय कळतं' म्हणून रिमोट खाली ठेवू नका.

पहिली परीक्षा मेन्यूची

पडद्यावर दोष दिसत असतानाच टीव्हीच्या रिमोटवरचं मेन्यूचं किंवा सेटिंगचं बटण दाबा. समोर जी यादी येते ती टीव्ही स्वतः दाखवतो, गेमच्या मशीनचा तिच्याशी संबंध नसतो. यादी स्वच्छ आहे आणि मागचा गेमच तेवढा खराब दिसतोय? मग पडदा शाबूत आहे. दोष मशीनमध्ये, वायरमध्ये किंवा सेटिंगमध्ये शोधायचा. यादीवरूनही उभी रेघ जातेय, यादीचाही अर्धा भाग काळा आहे? मग मात्र दुखणं टीव्हीचंच.

आवाज येतो आणि चित्र अजिबात नाही, अशा वेळी आणखी एक युक्ती. खोलीत अंधार करा आणि मोबाइलचा टॉर्च पडद्याजवळ तिरका धरा. अंधूक चित्र हलताना दिसलं, तर पडदा जिवंत आहे, त्याच्या मागचे दिवे गेलेत. एलईडी टीव्हीत चित्राला उजेड देतात ते हे दिवे. त्यांच्या पट्ट्या बदलून मिळतात, आणि पडदा बदलण्यापेक्षा ते काम खूप स्वस्तात होतं. दुकानदाराला हे सांगता आलं, तर समोरचाही जपून बोलतो!

वायर आणि भोक

नव्या टीव्हीत गेम जोडायची वायर असते एचडीएमआय. टीव्हीच्या मागे अशी दोन-तीन भोकं असतात, त्यांना १, २, ३ असे नंबर असतात. वायर २ मध्ये आणि रिमोटवर 'सोर्स' १, असं असेल तर 'नो सिग्नल' येणारच. नंबर जुळूनही चित्र येत नसेल तर दोन्ही टोकं काढून घट्ट बसवा, दुसऱ्या भोकात लावा, शेजारच्या घरातली वायर आणून बघा. अधूनमधून पडदा क्षणभर काळा होत असेल, पांढरे ठिपके चमकत असतील, तर संशय आधी वायरवर घ्यायचा. टीव्ही भिंतीला चिकटवला की वायर मागे काटकोनात मुडपते आणि आतून तुटते. शिवाय फोर-के चित्र सेकंदाला साठ वेळा पाठवायचं, तर वायरही त्या ताकदीची लागते.

मशीन दुसऱ्या घरून आलेलं असेल तर वेगळीच भानगड होऊ शकते. तिथल्या मोठ्या टीव्हीसाठी लावलेलं चित्र आपल्या छोट्या 'एचडी रेडी' टीव्हीला झेपत नाही. एचडी रेडी टीव्हीत साधारण १३६६ गुणिले ७६८ ठिपके असतात, फोर-केमध्ये ३८४० गुणिले २१६०. प्लेस्टेशन ४ असेल तर ते पूर्ण बंद करा आणि त्याचं पॉवर बटण दाबून धरा. सुमारे सात सेकंदांनी दुसऱ्यांदा 'बीप' वाजलं की सोडा. रिमोट, म्हणजे मुलं हातात धरतात तो कंट्रोलर, वायरने जोडा. समोर येणाऱ्या यादीत रिझोल्यूशन बदलायची सोय आहे.

कापलेलं, काळं आणि उशिरा येणारं

गेममधले गुण, नकाशा कडेला असतात आणि नेमके तेच दिसत नाहीत? जुन्या पिक्चर ट्यूबच्या टीव्हीत कडेचं चित्र नीट येत नसे, म्हणून चित्र थोडं फुगवून कडा झाकायची पद्धत होती. ट्यूब गेली, पण सवय उरली! रिमोटवर चित्राच्या आकाराची सेटिंग शोधा. 'जस्ट स्कॅन', 'स्क्रीन फिट', 'डॉट बाय डॉट' अशी काही नावं असतील. ती निवडली की कडा परत येतात.

चित्र काळपट दिसत असेल तर गेमच्या मशीनमधलं 'एचडीआर' बंद करून बघा. खोक्यावर एचडीआर छापलेलं असलं तरी स्वस्त टीव्हीच्या दिव्यांत तेवढा उजेड नसतो, मग सगळं मरगळलेलं दिसतं. काळ्या रंगात सगळंच बुडत असेल किंवा काळं राखाडी दिसत असेल, तर मशीनमध्ये 'आरजीबी रेंज' नावाची सेटिंग असते, ती 'ऑटो' वर ठेवा.

आणि बटण दाबलं तरी खेळाडू उशिरा उडी मारतो, मुलगा चिडून कंट्रोलर आपटतो, त्याचं काय? टीव्ही प्रत्येक चित्र आधी 'सजवतो', धारदार करतो, रंग खुलवतो आणि मग दाखवतो. मालिका बघताना तो उशीर कळत नाही. गेममध्ये सेकंदाचा दहावा हिस्साही खटकतो. पिक्चर मोडमध्ये 'गेम' हा पर्याय असेल तर तो लावा. सजावट कमी होते, उशीरही कमी होतो. कंट्रोलर वाचतो तो वेगळाच!

माळ्यावरचा जुना गेम

काही घरांत मारिओ, कॉन्ट्रावाला जुना गेम माळ्यावरून खाली येतो. त्याच्या पिवळ्या वायरीतून चित्र जातं, लाल-पांढऱ्यातून आवाज. बऱ्याच नव्या टीव्हीत पिवळ्यासाठी वेगळं भोक नसतं, ती हिरव्यात लावावी लागते किंवा छोटी जोडवायर लागते. चित्र कृष्णधवल आलं किंवा वरखाली सरकू लागलं तर घाबरू नका. आपल्याकडे टीव्हीची पद्धत 'पाल', जपान-अमेरिकेची 'एनटीएससी'. टीव्हीच्या मेन्यूत 'कलर सिस्टिम' ऑटो करून बघा. मात्र बदकं मारायची ती बंदूक नव्या टीव्हीवर चालत नाही. चाप ओढला की पडदा क्षणभर काळा होतो, नेमाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो, आणि बंदूक तो उजेड टिपते. हा सगळा वेळेचा हिशेब पिक्चर ट्यूबवर बेतलेला आहे. बंदूक बिघडलेली नाही, तिचा जमाना संपला!

इथे मात्र हात लावू नका

टीव्हीचं मागचं झाकण उघडायचं नाही. जुन्या ट्यूबच्या टीव्हीत तर प्लग काढल्यावरही आत जबरदस्त विजेचा साठा उरतो. वायर लावताना मुंग्या आल्यासारखा झटका बसत असेल तर आधी घरचं अर्थिंग वायरमनकडून तपासून घ्या. आपल्याकडे माथेरानच्या डोंगरावरून पाऊस उतरतो तो गडगडाट घेऊनच. वीज कडाडायला लागली की टीव्ही, गेम, डिश सगळ्यांचे प्लग आणि केबल काढून ठेवायच्या.

लुकलुकणाऱ्या चित्राकडेही दुर्लक्ष नको. १९९७ च्या डिसेंबरात जपानमध्ये एका कार्टूनमधल्या लाल-निळ्या लखलखाटाने सहाशेहून जास्त मुलांना रुग्णालयात न्यावं लागलं होतं. असा त्रास फार थोड्या मुलांना होतो. पण गेम खेळताना मूल एकटक बघत राहिलं, हात-पाय झटकू लागलं, तर टीव्ही बंद करून डॉक्टरांना दाखवा.

विकत घेताना

नवा टीव्ही घेणारच असाल तर मुलांना आणि गेमचं मशीन घेऊन दुकानात जा, लावून दाखवा म्हणा. एचडीएमआयची भोकं किती, गेम मोड आहे का, विचारा. मागच्या बाजूला बीआयएसचं चिन्ह आणि 'आर' ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक बघा. टीव्ही आणि व्हिडिओ गेम, दोन्हींचा समावेश २०१२ च्या सक्तीच्या नोंदणीच्या आदेशात होता. पक्कं बिल घ्या. दुरुस्तीला दिलात तर खर्चाचा अंदाज आधी लिहून मागा. वॉरंटी असून कुणी टोलवाटोलवी केली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे १९१५. तिथे तक्रार नोंदवायला पैसे पडत नाहीत.

आणि एक करा. सगळं नीट लागलं की कोणती वायर कुठल्या भोकात, कोणती सेटिंग निवडली, हे एका चिठ्ठीवर लिहून टीव्हीच्या मागे चिकटवून ठेवा. पुढच्या वेळी 'टीव्ही खराब झाला' अशी हाक आली की मुलालाच म्हणा, 'चिठ्ठी वाच, आणि तूच लाव!'