बर्फाखालचा समुद्र कसा मोजायचा?

गुरूच्या चार मोठ्या उपग्रहांपैकी युरोपा हा सर्वांत लहान. त्याचा व्यास सुमारे ३,१२० किलोमीटर, म्हणजे आपल्या चंद्राहून थोडा कमी. पृष्ठभाग बर्फाचा, तापमान विषुववृत्ताजवळही शून्याखाली सुमारे १६० अंश सेल्सिअस. तरीही या बर्फाखाली खाऱ्या पाण्याचा समुद्र असावा, असे शास्त्रज्ञ मानतात. बर्फ न फोडता त्यांनी हे कशावरून ओळखले?

शाळेतल्या एका प्रयोगाने हे समजेल. तारेचे वेटोळे गॅल्व्हॅनोमीटरला जोडा व चुंबक त्याजवळ स्थिर धरा. काटा हलत नाही. चुंबक आतबाहेर करा, की काटा हलतो. चुंबकीय क्षेत्र बदलले, की वाहकात वीजप्रवाह निर्माण होतो. हेच फॅरडेने १८३१ साली शोधलेले विद्युतचुंबकीय प्रवर्तन होय. हा प्रवाह स्वतःचे चुंबकीय क्षेत्रही निर्माण करतो.

आता चुंबकाच्या जागी गुरू व वेटोळ्याच्या जागी युरोपा आहे असे समजा. गुरूचा चुंबकीय अक्ष त्याच्या परिवलनाच्या अक्षाशी सुमारे १० अंशांनी कललेला आहे. त्यामुळे युरोपाजवळचे क्षेत्र सुमारे ११ तासांच्या आवर्तनाने दिशा बदलत राहते. 'गॅलिलिओ' यान जानेवारी २००० मध्ये युरोपाजवळून गेले, तेव्हा युरोपाचे क्षेत्रही त्याप्रमाणे उलटलेले आढळले. पोटात कायमचा चुंबक असता, तर असे झाले नसते. तेव्हा पृष्ठभागापासून फार खोल नसलेला वीजवाहक थर तेथे असला पाहिजे. बर्फातून वीज फारशी वाहत नाही. खाऱ्या पाण्यातून वाहते.

परंतु हा थर जाड व कमी खारा, की पातळ व अधिक खारा? एका समीकरणातून दोन अज्ञात राशी काढता येत नाहीत. दुसरे समीकरण लागते. सुदैवाने ते उपलब्ध आहे. युरोपाची कक्षा किंचित लंबवर्तुळाकार असल्याने क्षेत्रात सुमारे ८५ तासांचा, मंद असा दुसरा चढउतारही होतो. मंद बदल वाहकात अधिक खोल शिरतो. दोन्ही बदलांना मिळणारा प्रतिसाद मोजला, की जाडी व खारेपणा वेगवेगळे काढता येतील.

हे मोजण्यासाठी नासाचे 'युरोपा क्लिपर' हे मानवरहित यान १४ ऑक्टोबर २०२४ रोजी निघाले. मार्च २०२५ मध्ये ते मंगळाजवळून गेले. एप्रिल २०३० मध्ये ते गुरूपाशी पोहोचावे, अशी योजना आहे. गुरूभोवतीच्या तीव्र प्रारणात सतत राहिल्यास यानातील उपकरणे लवकर निकामी होतील. म्हणून यान युरोपाभोवती न फिरता गुरूभोवती लांबट कक्षेत फिरेल व ४९ वेळा युरोपाजवळून जाईल. कधी अवघ्या २५ किलोमीटर अंतरावरून! प्रत्येक फेरीत क्षेत्राची अवस्था निराळी असेल, आणि त्या सर्व नोंदी जुळवून दोन्ही चढउतार वेगळे काढायचे आहेत. रडारच्या लहरी बर्फाच्या कवचाचा आतून वेध घेतील.

हे यान जीव शोधण्यासाठी नाही. तेथे जीवसृष्टीला पोषक परिस्थिती आहे काय, एवढेच त्याला पाहायचे आहे; आणि त्यासाठी समुद्र किती खोल व किती खारा, हे आधी कळायला हवे.