जनसुनावणी : गावाच्या हक्काचा एक दिवस

गावात कारखाना किंवा खाण येणार अशी कुणकुण लागली की पहिली चर्चा होते ती नोकऱ्यांची आणि जमिनीच्या भावाची. विहिरीच्या पाण्याचे काय होईल, मुलांच्या छातीत कोणता धूर जाईल, हे प्रश्न मागाहून सुचतात. तोवर बहुधा उशीर झालेला असतो. हे प्रश्न वेळेवर विचारता यावेत म्हणून नियमांनी गावाला एक दिवस दिला आहे, जनसुनावणीचा.

१९८४ च्या भोपाळ वायुदुर्घटनेनंतर १९८६ मध्ये पर्यावरण संरक्षण कायदा झाला. त्याच्या आधारे १९९४ मध्ये ठराविक प्रकल्पांना पर्यावरणीय मंजुरी घेणे बंधनकारक झाले आणि १९९७ मध्ये जनसुनावणीची अट आली.

दवंडीसुद्धा नियमातच

२००६ च्या अधिसूचनेनुसार सुनावणीची सूचना किमान ३० दिवस आधी वर्तमानपत्रांत द्यावी लागते. जेथे वर्तमानपत्र नाही, तेथे दवंडी पिटावी, असेही त्यात लिहिले आहे. अहवालाचा सारांश स्थानिक भाषेत हवा. सुनावणीचे चित्रीकरण व्हावे आणि शेवटी इतिवृत्त लोकांना त्यांच्या भाषेत समजावून सांगावे.

येथे मतदान होत नाही. गावाने नकार दिला म्हणून प्रकल्प आपोआप थांबत नाही. पण पर्यावरणावरील परिणामांचा अहवाल प्रकल्प उभारणाराच आपल्या खर्चाने करून घेतो. अशा वेळी ओढा कुठून वाहतो, गुरे कुठे चरतात, हे सांगणारा गावकरीच असतो. त्याचा आक्षेप नोंदला गेला की त्याचे उत्तर द्यावे लागते.

बदलांचा वारा

मार्च २०२० मध्ये केंद्राने नव्या नियमांचा मसुदा काढला. त्यात सूचनेची मुदत ३० वरून २० दिवसांवर आणण्याचा आणि काही प्रकल्पांना सुनावणीतून वगळण्याचा प्रस्ताव होता. मसुदा होता इंग्रजी आणि हिंदीत. ज्यांच्या शेताशी त्याचा संबंध, त्यांनी तो वाचायचा कसा? दिल्ली उच्च न्यायालयाने जून २०२० मध्ये तो राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील सर्व २२ भाषांत आणण्यास सांगितले. लाखो हरकती आल्या आणि मसुदा तसाच्या तसा अंतिम झाला नाही.

दुसरा वाद आहे 'आधी काम, मग मंजुरी' याचा. २०१७ मध्ये केंद्राने अशी सवलत दिली होती. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली, तर नोव्हेंबर २०२५ मध्ये दोन विरुद्ध एक अशा बहुमताने तो निकाल मागे घेतला. उभे केलेले प्रकल्प पाडल्यास मोठे नुकसान होईल, असे एक बाजू म्हणते. पण धुराडे पेटल्यावर गावाला विचारून उपयोग काय, हा दुसऱ्या बाजूचा सवाल आहे.

म्हणून सूचना निघाली की जिल्हाधिकारी कार्यालयात किंवा जिल्हा परिषदेत जाऊन सारांश मागावा. आक्षेप लेखी द्यावा, त्याची पोच घ्यावी आणि सुनावणीला घरातल्या बायकांनाही आवर्जून न्यावे. विहिरीचे पाणी केव्हा बदलले, हे सर्वांत आधी त्यांनाच कळते.