तुरुंगातील जातीचे आकडे नेमके काय मोजतात?

चेन्नई : देशातील कारागृहांत अनुसूचित जाती आणि जमातींचे प्रमाण त्यांच्या लोकसंख्येतील वाट्यापेक्षा अधिक आहे, हे राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालांतून दिसून येते. या आकड्यांचे दोन परस्परविरोधी अर्थ लावले जातात. काहींना त्यात विशिष्ट समाजांची गुन्हेगारी ‘प्रवृत्ती’ दिसते, तर काहींना पोलीस आणि न्यायव्यवस्थेचा पक्षपात. मात्र गुन्हा कोणी केला आणि तुरुंगात कोण आहे, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. तामिळनाडूच्या इतिहासातून हा फरक विशेष स्पष्ट होतो.

आकडे काय सांगतात?

2011 च्या जनगणनेनुसार देशाच्या लोकसंख्येत अनुसूचित जातींचा वाटा 16.6 टक्के, तर अनुसूचित जमातींचा 8.6 टक्के होता. 2019 च्या कारागृह अहवालात सिद्धदोष कैद्यांपैकी 21.7 टक्के अनुसूचित जातींचे आणि 13.6 टक्के अनुसूचित जमातींचे होते. न्यायचौकशीच्या प्रतीक्षेतील कच्च्या कैद्यांमध्ये हे प्रमाण अनुक्रमे 21 आणि 10.5 टक्के होते. लोकसंख्येत 14.2 टक्के असलेल्या मुस्लिमांचा वाटा सिद्धदोष कैद्यांत 16.6, तर कच्च्या कैद्यांत 18.7 टक्के होता.

या तुलनेला मर्यादा आहेत. तामिळनाडूच्या लोकसंख्येत अनुसूचित जाती सुमारे 20 टक्के, तर अनुसूचित जमाती जेमतेम 1.1 टक्का आहेत. त्यामुळे राज्यातील कैद्यांचे प्रमाण देशाच्या सरासरीशी ताडून पाहणे दिशाभूल करणारे ठरू शकते. प्रमाण अधिक आहे एवढ्यावरून पक्षपात सिद्ध होत नाही. तसेच एखादा समाज गुन्हेगार आहे हेही सिद्ध होत नाही.

दुसरी मर्यादा अधिक महत्त्वाची आहे. 2022 च्या अखेरीस देशातील 5 लाख 73 हजार कैद्यांपैकी 75.8 टक्के कच्चे कैदी होते. म्हणजे चारपैकी तिघांचा गुन्हा न्यायालयात सिद्ध झालेला नव्हता. कोणाला अटक झाली, कोणाला जामीन मिळाला आणि कोणाला जामीनदार उभा करता आला नाही, याचा परिणाम या आकड्यात मिसळलेला असतो.

शिक्का कोठून आला?

ब्रिटिश सरकारने 1871 मध्ये गुन्हेगार जमाती कायदा केला. 1911 च्या सुधारणेनंतर तो मद्रास इलाख्यातही लागू करता येऊ लागला. जन्माने एखाद्या जमातीचा असणे हेच संशयाला पुरेसे कारण ठरले. बोटांचे ठसे देणे, पोलीस ठाण्यात हजेरी लावणे आणि परवानगीशिवाय गाव न सोडणे ही बंधने त्यांच्यावर आली. मदुराईजवळील पेरुंगामनल्लूर येथे 3 एप्रिल 1920 रोजी पिरमलै कळ्ळर समाजाने या नोंदणीस विरोध केला. तेव्हा पोलिसांच्या गोळीबारात पंधराहून अधिक जण मृत्युमुखी पडले. मराठी वाचकांना याच कायद्याखालील सोलापूरची तारेच्या कुंपणातील वसाहत परिचित आहे.

मद्रास प्रांताने हा कायदा 1947 मध्ये रद्द केला. देशभरात तो 31 ऑगस्ट 1952 रोजी संपुष्टात आला. त्याआधीच, 1948 मध्ये, मद्रासने सराईत गुन्हेगारांवर निर्बंध घालणारा स्वतंत्र कायदा केला. अन्य राज्यांनीही तसे कायदे केले. कागदोपत्री जमातीची जागा आता व्यक्तीने घेतली होती. ठाण्यातील संशयाची सवय मात्र तितक्या सहज बदलली नाही.

कडलूर जिल्ह्यातील 1993 चे प्रकरण याचे उदाहरण आहे. चोरीच्या संशयावरून पकडलेल्या कुरवर समाजातील एका मजुराचा पोलीस कोठडीत मृत्यू झाला. त्याच्या पत्नीच्या वतीने मद्रास उच्च न्यायालयात लढणारे वकील के. चंद्रू पुढे त्याच न्यायालयाचे न्यायाधीश झाले. 2021 चा ‘जय भीम’ हा चित्रपट या लढ्यावर बेतलेला आहे. चित्रपटात मात्र ते कुटुंब इरुळर जमातीचे दाखवले आहे.

सर्वोच्च न्यायालयाने काय ठरवले?

पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने 3 ऑक्टोबर 2024 रोजी निकाल दिला. जातीवर आधारित कामवाटप आणि वेगळ्या बराकी घटनाबाह्य ठरल्या. तिरुनेलवेलीतील पाळयंकोट्टई कारागृहात कैद्यांना जातीनुसार वेगळे ठेवले जात असल्याचा मुद्दाही या प्रकरणात होता. संघर्ष टाळण्यासाठी असे करावे लागते, ही भूमिका मद्रास उच्च न्यायालयाने पूर्वी मान्य केली होती; सर्वोच्च न्यायालयाने ती स्वीकारली नाही.

नियमावल्यांतील विमुक्त जमातींना सराईत गुन्हेगार मानणारे उल्लेखही न्यायालयाने रद्द केले. या जमातींतील व्यक्तींना मनमानी अटक होऊ नये, याची दक्षता घेण्याचे निर्देश पोलिसांना देण्यात आले. कैद्यांच्या नोंदवहीतील जातीचा रकाना काढण्याचाही आदेश झाला. येथे एक भेद लक्षात ठेवावा लागतो. कैद्याला झाडू द्यायचा की स्वयंपाकघर, हे ठरवण्यासाठी जात विचारणे वेगळे आणि पक्षपात तपासण्यासाठी एकत्रित आकडे जमवणे वेगळे. पहिले थांबलेच पाहिजे; दुसरे थांबले तर पक्षपात मोजण्याचे साधन हातून जाईल.

संशयाचे चक्र कसे चालते?

1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 479 नुसार, पूर्वी कधीही दोषी न ठरलेल्या कच्च्या कैद्याने कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ तुरुंगात काढल्यास त्याच्या सुटकेची तरतूद आहे. इतरांसाठी ही मर्यादा निम्म्या शिक्षेची आहे. मृत्युदंड वा जन्मठेपेस पात्र गुन्हे यातून वगळले आहेत. मात्र एकाहून अधिक गुन्ह्यांत वा प्रकरणांत तपास वा खटला प्रलंबित असल्यास ही सवलत मिळत नाही.

ज्याच्या वस्तीकडे पोलीस प्रत्येक चोरीनंतर वळतात, त्याच्या नावावर प्रलंबित प्रकरणे साचण्याची शक्यता अधिक. सवलत हुकते, मुक्काम लांबतो आणि तो पुढील अहवालातील आकडा बनतो. तोच आकडा पुन्हा संशयाचा आधार ठरतो.

पुढे काय?

ब्रिटनमध्ये 1991 च्या फौजदारी न्याय कायद्यानुसार वंशनिहाय आकडे प्रसिद्ध केले जातात. तेथे डेव्हिड लॅमी यांच्या 2017 च्या अहवालाने एक साधा निकष मांडला. तफावत दिसली, तर संबंधित संस्थेने तिचे समाधानकारक कारण द्यावे. ते देता येत नसेल, तर कार्यपद्धती सुधारावी. खुलाशाची जबाबदारी समाजावर नसून यंत्रणेवर असते.

भारतात कारागृह अहवाल शेवटच्या टप्प्यावरची स्थिती सांगतो. चौकशीसाठी कोणाला बोलावले, कोणाचा जामीन नाकारला, याचा जातनिहाय हिशेब त्यात नसतो. विमुक्त जमातींची वेगळी नोंदही नसते. त्या अनुसूचित जाती, जमाती आणि इतर मागास वर्गांत विखुरलेल्या आहेत. बाळकृष्ण रेणके आणि भिकू रामजी इदाते यांच्या अध्यक्षतेखालील आयोगांनी या समाजांचे प्रश्न मांडले आहेत. अटकेपासून शिक्षेपर्यंतच्या प्रत्येक टप्प्याचा हिशेब मिळेपर्यंत तुरुंगातील टक्केवारीवरून एखाद्या समाजाविषयी निष्कर्ष काढण्यास आधार नाही. ती टक्केवारी यंत्रणेला प्रश्न विचारण्यासाठी आहे.